बासष्टचा खाना

पितांबर नवल पाटील आकड्यांच्या बाबतीत शहाणा होता, यात वाद नाही. तापीकाठच्या गावातून पुण्याला जाऊन, गणित घेऊन बी.ए. होऊन आलेला त्याच्या भाऊबंदांत तो पहिलाच. बापाने त्या आनंदात गावजेवण घातलं होतं. पण आपण शहाणे आहोत हे चार लोकांना लवकर कळावं, याची पितांबरला भारी घाई. पुढचा सगळा घोटाळा त्या घाईनेच केला.

१९३८ साली तळोद्याला हिवतापावर क्विनीन वाटायची एक लहानशी कचेरी उघडली आणि पितांबर तिथे कारकून लागला. वर डॉक्टरसाहेब, खाली तो आणि एक शिपाई. कामाची रीत सोपी होती. सातपुड्यातली आठ गावं निवडलेली, प्रत्येक गावाला वाटपाचा एक माणूस नेमलेला, आणि प्रत्येकाला दोनशे आजाऱ्यांना पुरतील एवढ्या पुड्या. तापकऱ्याला पुड्या द्यायच्या, आठव्या दिवशी पुन्हा त्याच्या दारात जायचं, ताप गेला की उलटून आला ते विचारायचं, आणि शेवटी दोनच आकडे कचेरीत धाडायचे. कागद कसा भरायचा हे वाटपवाल्यांना कळावं म्हणून पितांबरने एक नमुनाही भरून सगळ्यांना पाठवला होता.

मार्गशीर्षात आठही कागद आले. साहेबांनी नुसती बेरीज मागितली होती. पितांबरने मात्र मोठ्या तावावर तक्ता आखला. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी त्याला एक नवी कसोटी शिकवली होती आणि ती कुठेतरी चालवून बघायला त्याचे हात शिवशिवत होते.

कसोटी अशी. एकूण सोळाशे आजारी, त्यांतल्या एकशे साठांचा ताप उलटला. म्हणजे शेकडा दहा. सगळी गावं सारखी असतील तर दर दोनशांत वीस यायला हवेत. हा झाला अपेक्षित आकडा. तो लाल शाईने प्रत्येक खान्यात लिहायचा, खऱ्या आकड्यातला आणि त्यातला फरक काढायचा, फरकाचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित आकड्याने भागायचं. येईल त्यावरून कळतं की कोणता खाना ओळीत चालतोय आणि कोणता ओळ सोडून उभा आहे.

सात गावांत उलटलेले ताप होते चौदा, चौदा, तेरा, पंधरा, बारा, सोळा, चौदा. आठवं गाव खडकीपाणी. तिथे बासष्ट.

पितांबरने गणित केलं. बासष्टातून वीस गेले बेचाळीस. बेचाळिसाचा वर्ग सतराशे चौसष्ट. भागिले वीस. अठ्ठ्याऐंशी! सगळ्या तक्त्याची बेरीज चौदापर्यंत गेली तरी ते योगायोगात खपतं असं पुस्तक सांगत होतं, आणि इथे एकट्या एका खान्यातच अठ्ठ्याऐंशी. गडी खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याला चोर सापडला होता.

खडकीपाण्याचा वाटपाचा माणूस म्हणजे करमसिंग पावरा. धडगावच्या शाळेत चार बुकं शिकलेला, तिशीतला, अंगाने काटक. साहेबांनी त्याला बोलावणं धाडलं तसा तो दोन दिवस चालून तळोद्याला आला आणि कचेरीच्या ओट्यावर पायाची धूळ झटकून दारात उभा राहिला.

"बासष्ट कसे?" साहेबांनी विचारलं.

"बासष्टच आहेत, साहेब," करमसिंग म्हणाला. त्याची मराठी शाळेत शिकलेली होती, त्यामुळे ती पुस्तकासारखी सरळ निघायची. "मी समोर बसून पुडी गिळायला लावतो. तोंड उघडून बघतो. आठव्या दिवशी पुन्हा जातो. ताप गेला असेल तर भिंतीवर कोळशाने रेघ ओढतो. उलटला असेल तर फुली करतो. तुम्ही येऊन भिंती बघा."

"भिंती कशाला बघायच्या?" पितांबर मध्येच म्हणाला आणि त्याने तक्ता पुढे केला. "हा कागदच बोलतो आहे. सात गावांत तीच पूड, तोच ताप, तोच डोंगर. मग तुझ्याच गावात औषध का लागत नाही?"

करमसिंगने तक्त्याकडे पाहिलं. लाल शाईतले विसाचे आकडे त्याला कळले नाहीत, पण आपला बासष्ट त्याने ओळखला. त्याभोवती पितांबरने जाड वर्तुळ काढलं होतं.

"ते मला माहीत नाही, भाऊसाहेब. मी जेवढे होते तेवढे लिहिले."

साहेब पितांबरकडे वळले. "पाटील, तुमची खात्री आहे?"

आता खरं सांगायचं तर त्या पुस्तकात, त्याच पानाच्या तळाशी, एक वाक्य होतं. खाना वेगळा पडला एवढंच कसोटी सांगते, तो का वेगळा पडला हे सांगत नाही. पितांबरने ते वाचलं होतं. पेन्सिलीने खूणसुद्धा केली होती. ते त्या वेळी त्याच्या जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण साहेब पहिल्यांदाच त्याच्याकडे कारकुनासारखं न बघता विद्वानासारखं बघत होते.

"गणित खोटं बोलत नाही, साहेब," तो म्हणाला. आणि एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं, पण वर आणखी म्हणाला, "राख मिसळत असेल. खरी पूड विकायची आणि राखेच्या पुड्या वाटायच्या."

राखेचा शब्द त्याचा. कुणी विचारलं नव्हतं, राख कुठे दिसली नव्हती. सहज तोंडातून निघाला.

करमसिंग ओट्यावरून उतरला आणि डोंगराकडे परत चालू लागला. त्याला काढून टाकल्याचा हुकूम निघाला, आणि हुकूम वाचून दाखवायला गेलेल्या, डोंगरातली पावरी बोली येणाऱ्या शिपायाने राखेची गोष्ट मीठमसाला लावून खडकीपाण्याला सांगितली. तक्ता वार्षिक अहवालात छापून पुण्याला गेला. पितांबरला पुढच्या शिक्षणाला कलकत्त्याला पाठवावं, अशी शिफारस साहेबांनी त्याच अहवालात केली. बापाने या वेळी पेढे वाटले.

करमसिंगच्या जागी तळोद्याचा नथ्थू लागला. हा पितांबरच्याच बोलीचा, पान खाऊन गप्पा छाटणारा माणूस. वर्ष गेलं, पावसाळा सरला, पुन्हा कागद आले. खडकीपाण्याचा आकडा या खेपेला चौदा. साहेब खूश झाले. पितांबरही खूश झाला, पण तो अर्धा दिवसच.

कारण दुपारच्या टपालात पोलीस पाटलांकडची मृत्यूंची यादी आली. खडकीपाण्यात करमसिंगच्या साली तापाने नऊ माणसं गेली होती. यंदा सत्तावीस. पितांबरने यादी दोनदा वाचली. औषध लागू पडायला लागलं आणि माणसं तिप्पट मरायला लागली, हे कुठलं गणित?

त्याने कपाटातून गेल्या सालचा तक्ता काढला. या खेपेला त्याने खडकीपाण्याची ओळ हाताने झाकली आणि उरलेल्या सात गावांवर तीच कसोटी लावली. हे काम अर्ध्या तासाचं होतं. गेल्या वर्षीही अर्ध्या तासाचंच होतं, पण तेव्हा त्याला बासष्ट सापडला होता आणि मग त्याने दुसरीकडे बघितलंच नव्हतं.

सात गावं खरोखर मोजली असती तर बेरीज पाच-सहाच्या आसपास यायला हवी होती. ती एकसुद्धा भरेना. पाऊण. खरे आकडे थोडे हेलकावे खातात, कुठे नऊ, कुठे तेवीस. इथे सातही गावांचे ताप एकमेकांचा हात धरून एका रांगेत चालावेत तसे चालले होते. इतकं जुळणं शंभरात एकदा होणंसुद्धा कठीण. ओळ सोडून उभा असलेला खाना त्याने शोधला होता. ओळच खोटी असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

नथ्थू ओट्यावर पान लावत बसला होता. पितांबरने त्याला आत बोलावलं.

"नथ्थू, खरं सांग. आठवा दिन तू घरोघर गयथा का?"

नथ्थू हसायला लागला. "आठवा दिन कोन डोंगर चढस, भाऊ? कोनीच जात नही. लिखी टाकतस."

"पन चौदाच कसा लिखतस?"

"ले! नमुना तूच धाडा ना? एकशे शहाऐंशी नि चौदा. आम्हले वाटनं, कचेरीले तोच आकडा पाहिजे. कोनी एक कमी लिखस, कोनी एक जास्त."

पितांबरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. नमुना त्यानेच भरला होता, बसल्या जागी, डोक्यातून काढून. आणि सात गावांचे कागद आले तेव्हा, आपला अंदाज खऱ्याच्या किती जवळ गेला म्हणून तो मनातल्या मनात फुशारला होता. आता आठवलं. त्याचाच मनाने रचलेला आकडा सात डोंगर फिरून त्याच्याकडे परत आला होता, आणि त्या आकड्याने त्याने एका माणसाला चोर ठरवलं होतं.

"नि पुड्या?" त्याने कसंबसं विचारलं.

"पुड्या तश्याच पडेल शेतस धडगावले. खडकीपानीमां कोनी हात लावत नही. म्हनतस, राख शे."

नथ्थू पान तोंडात टाकून निघून गेला. पितांबर तक्त्यापुढे बसून राहिला. लाज त्याला पूर्वीही वाटली होती, परीक्षेत एकदा दुसरा नंबर आला तेव्हा, पुण्यात त्याच्या बोलीला पोरं हसली तेव्हा. ती लाज वेगळी. ही त्याला तक्त्यापुढून उठू देईना. राखेचा शब्द त्याचा होता आणि त्या शब्दापायी लोकांनी औषध तोंडात घेतलं नव्हतं.

तो साहेबांकडे गेला आणि त्याने सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"पाटील, तो तक्ता छापून गेला. तुमची शिफारस त्याच कागदावर आहे. आता ते उकरून कुणाचं भलं होणार? पुड्या घेऊन वर जा, लोक त्या घेतील असं बघा, आणि तेवढंच करा."

पितांबर पुड्या घेऊन निघाला. साहेबांनी सांगितलं होतं त्याहून एक काम त्याने मनात जास्त धरलं होतं. सगळ्या गावासमोर उभं राहून सांगायचं, की चोरी झालीच नव्हती, चूक माझी. घाट चढताना दोन दिवस तो हेच वाक्य घोळवत होता. खोटं कशाला, ते वाक्य घोळवताना त्याला थोडं बरंही वाटत होतं. आपण केवढं मोठं मन दाखवणार आहोत, असंही वाटून गेलं. शहाणपणाची हौस अशी लवकर फिटत नाही.

खडकीपाणी म्हणजे उतारावर विखुरलेली घरं, एकाची हाक दुसऱ्याला जेमतेम पोचेल एवढी लांब. पहिल्याच घराच्या कुडाच्या भिंतीवर कोळशाच्या खुणा दिसल्या. तीन रेघा, दोन फुल्या. दुसऱ्या घरावर चार रेघा, एक फुली. काही ठिकाणी वर माती लिंपली होती, तरी खालून काळं डोकावत होतं. पितांबर दुपारभर घरोघर हिंडून मोजत राहिला. त्रेपन्न फुल्या सापडल्या. लिंपलेल्या घरांच्या धरल्या तर बासष्टला काही अडचण नव्हती. त्याने गेल्या वर्षी खुर्चीतून उठून इथवर यायचं होतं, बाकी काही नको होतं.

करमसिंग शेतात एकटाच ज्वारी कापत होता. त्या भागात लाह असते. एकाच्या कामाला सारं गाव येतं, मग तो सगळ्यांच्या कामाला जातो. शेजारच्या शेतात पंधरा-वीस माणसं गात गात कापणी करत होती. करमसिंगच्या शेतात तो आणि त्याची बायको. राखवाल्याच्या लाहला कोण येणार?

पितांबरला पाहून त्याने विळा खाली ठेवला. "या, भाऊसाहेब."

"करमसिंग, मी भिंती बघितल्या." पितांबर बांधावरूनच म्हणाला. "तुम्ही खरे होता. बाकीचे सगळे कागद खोटे. आठव्या दिवशी परत जाणारे तुम्ही एकटेच, म्हणून उलटलेले ताप तुम्हाला एकट्यालाच दिसले. माझी चूक झाली. उद्या सगळ्या गावासमोर मी हे सांगणार आहे."

करमसिंगने कापलेल्या कणसांची पेंढी बांधून बाजूला ठेवली. मग त्याने विचारलं, "पुड्या आणल्या आहेत का?"

"आणल्या आहेत. चारशे."

"ताप अजून आहे. या आठवड्यात दोघं गेली." तो पुन्हा खाली वाकला आणि विळा उचलला. "उद्या सकाळी या. तुमची भाषा इथे कुणाला येत नाही. मीच सांगेन."

सकाळी पोलीस पाटलाच्या अंगणात माणसं जमली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, सगळ्यांच्या चेहऱ्यावर तापाची पिवळट छटा. पुढे फुलीबाई नावाची म्हातारी बसली होती. तिचा थोरला मुलगा दिवाळीआधी गेला होता. करमसिंग कडेला, सगळ्यांपासून चार हात लांब उभा राहिला.

पितांबर बोलायला लागला. तक्ता कसा केला, चूक कुठे झाली, करमसिंगने प्रत्येक पुडी प्रामाणिकपणे कशी दिली, राखेची गोष्ट कशी आपल्याच तोंडून निघाली. "या माणसाने तुमच्याशी कधी लबाडी केली नाही. लबाडी माझ्या कागदाने केली. मला माफ करा." एवढं म्हणून त्याने सगळ्यांपुढे हात जोडले.

करमसिंग पावरीत बोलला. चार-पाच वाक्यंच. पितांबरच्या लक्षात आलं, की आपण एवढं बोललो त्याचं हा फारच थोडक्यात सांगतोय.

अंगणात कुजबुज झाली. पोलीस पाटील मान हलवू लागला. फुलीबाई काठी टेकत उठली, करमसिंगसमोर जाऊन उभी राहिली आणि त्याच्या पायांपुढे थुंकली. तो हलला नाही. मग म्हातारी पितांबरकडे आली आणि तिने पुडीसाठी हात पुढे केला.

तिच्यामागे दुसरी बाई आली, मग पुरुष आले. लोक रांगेत पुड्या घेऊन समोरच तोंडात टाकत होते, कडू तोंडं करत होते, तांब्यातलं पाणी पीत होते. पितांबर पुड्या देत होता आणि त्याला काही समजत नव्हतं. उन्हं वर आली तेव्हा अंगण रिकामं झालं. एकशे एकोणऐंशी माणसांनी औषध घेतलं होतं.

"तुम्ही त्यांना काय सांगितलं?" त्याने विचारलं.

"सांगितलं, की पूड मीच चोरली होती," करमसिंग म्हणाला. "राख मीच मिसळली होती. आणि ही पूड खरी आहे, कचेरीचा माणूस स्वतः घेऊन आला आहे."

पितांबर उरलेल्या पुड्या गोळा करता करता थांबला.

"तुमचं बोलणं सांगितलं असतं, तर काय झालं असतं?" करमसिंग शांतपणे सांगत होता, वर्गात धडा समजावावा तसा. "राख नव्हती, पूड खरीच होती, असं कळलं असतं. मग ते म्हणाले असते, खरी पूड घेऊनही बासष्ट जणांचा ताप उलटला, तर ती घ्यायची कशाला? आणि कचेरी एकदा खोटं बोलली तर आताही बोलत असेल. कुणी हात पुढे केला नसता, भाऊसाहेब. पूड खोटी किंवा मी खोटा. दोन्ही खरे आहेत असं सांगायला आता उशीर झाला आहे."

"पण मी पुन्हा सांगतो त्यांना. ताप गेल्यावर सांगू."

"पुढच्या वर्षी पुन्हा ताप येतो." त्याने खांद्यावरचा पंचा नीट केला. "तुम्ही आठव्या दिवशी घरोघर जा. उलटलेल्यांना पुन्हा पुड्या द्यायच्या असतात. मला आता कुणी दारात उभं करणार नाही."

एवढं सांगून तो शेताकडे निघून गेला. त्याची निम्मी ज्वारी कापायची राहिली होती. पितांबरला त्याच्या मागे जावंसं वाटलं, विळा मागावासा वाटला. पण करमसिंगच्या शेतात कचेरीचा माणूस राबताना गावाने पाहिला असता तर लोकांनी काय अर्थ काढला असता, हे त्याला आता आपोआप कळत होतं. तो पोलीस पाटलाच्या अंगणातच उभा राहिला.

आठव्या दिवशी तो घरोघर गेला. ताप गेला का, हे खुणेने विचारता येत होतं. लोकांनी त्याचं फार अगत्य केलं. दर घरी त्याच्यासाठी खाट टाकली, पाणी दिलं, कुठे ताक दिलं. फुलीबाईचा ताप गेला होता. तिने त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिली, हाताने करमसिंगच्या घराकडे दाखवत. पावरी त्याला येत नव्हती, पण तिच्या बोलण्यातला चोर हा शब्द त्याला कळला. पुढच्या घरी तोच कळला, आणि त्याच्या पुढच्याही.

एकाही घरी त्याने मान डोलावली नाही, आणि एकाही घरी तो नाही म्हणाला नाही. दिलेलं ताक खाली मान घालून प्यायला आणि भिंतीवर कोळशाने खूण करून पुढच्या दाराशी गेला.